मास्तर कामावर आहे

डोळ्यांत थेंब घालून भिंतीला टेकवून ठेवलेल्या माणसांच्या रांगेत थोरली बसली होती आणि नर्सवर, डॉक्टरवर, खुर्चीच्या पाठीवर मनातल्या मनात तोंडसुख घेत होती. तेवढ्यात उजव्या हाताला बसलेल्या बाईच्या मांडीवरून थोरलीच्या गेलेल्या मुलाने घसा खाकरला. "आता समजा," तो म्हणाला, "समजा, तुमच्या ऑफिसला खुर्च्या हव्यात." थोरलीने डोळे उघडले. थेंबांमुळे सगळं दूध सांडल्यासारखं पांढरं झालं होतं. दिवा कुठे, भिंत कुठे, काही कळेना. भुताखेतांवर तिचा कधी विश्वास नव्हता, जिवंत माणसांनीच तिला पुरेसा त्रास दिला होता. पण मांडीवरची पिशवी घसरून पायांवर पडली, ती तिने उचलली नाही. "खुर्च्या किती, कशा, कधीपर्यंत, हे आधी ठरवा," तो म्हणत होता. "दुकान नंतर. आपण नेहमी उलटं करतो, बरं का. आधी दुकान ठरवतो." हा 'बरं का' तिचा होता. लहानपणी त्याने तो तिच्या तोंडून उचलला होता आणि पुढे सरकारी नोकरीत जाऊनही टाकला नव्हता.

"काय ऐकताय हो?" थोरलीने विचारलं.

"मोठा होतोय का आवाज, मावशी? कमी करते. डोळ्यांना दिसत नाहीये ना, म्हणून फोनवर नुसतं ऐकतेय. ऑफिसचे धडे आहेत."

"कसले?"

"खरेदीचे. मी एका सरकारी दवाखान्याच्या भांडारात असते. चादरी, हातमोजे, बादल्या, काय लागेल ते मागवायचं. सरकारी पैशाने काही घ्यायचं तर शंभर नियम असतात, मावशी. ते शिकायला आमचं एक पोर्टल आहे. इंटरनेटवरची शाळाच म्हणा. सगळ्या ऑफिसांतली खरेदीची माणसं त्यावर धडे ऐकतात, परीक्षा देतात, मग बढतीला नाव धरतात. आणि हे सर फार छान शिकवतात. बाकीचे नुसते नियम वाचतात, झोप येते."

"तो माझा मुलगा," थोरली म्हणाली.

"अगंबाई! खरंच?" बाईचा हात चाचपडत आला आणि तिच्या मनगटावर बसला. गरम, खडबडीत, साबणाचा वास येणारा हात. "मग सरांना सांगा हं, भांडारातल्या एका बाईने आठवण काढली म्हणून. त्यांच्यामुळे पहिली परीक्षा पास झाले मी. धड्याखाली शंका लिहिली की दुसऱ्या दिवशी उत्तर यायचंच त्यांचं. हल्ली येत नाही. कामात असतील."

"कामात असतो," थोरली म्हणाली. "सांगते."

एवढंच झालं. तिचं नाव पुकारलं, ती आत गेली, हनुवटी यंत्रावर ठेवून हिरव्या उजेडात बघत राहिली. डॉक्टर विचारत होता, दिसतंय का, आणि ती सांगत होती की दिसत नाही, दिसलं असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते. पण आत कुठेतरी एक जुना दरवाजा कोणीतरी ढकलला होता आणि तो परत लागत नव्हता. कामात असतो. किती सहज निघालं तोंडातून. मागच्या थंडीत तो तापाने आजारी पडला होता, नुसता ताप, गोळी घेतली की उतरेल असा, आणि मग एका सकाळी सूनच एकटी दवाखान्यातून परत आली होती. त्याच्या चपला पिशवीत घालून. तेव्हापासून थोरली रडली नव्हती. शेजारपाजारचे म्हणाले, मन मोकळं करा. ती म्हणाली, मन काय गटार आहे का मोकळं करायला. ऑफिसने एका खोक्यात त्याचा कप, टेबलावरचा दिवा आणि एक स्वेटर पाठवला होता. खोकं चिकटपट्टीने इतकं घट्ट बंद केलं होतं की उघडताना थोरलीचं नख मोडलं. नखावरून मात्र ती दोन दिवस बोलत होती.

बस मिळाली तशी ती बसली. खिडकीबाहेर सगळ्या रस्त्याला अजून पांढरी किनार होती. दुकानांच्या पाट्या विरघळल्यासारख्या, माणसं कडा नसलेली. पाट्या तशाही तिला कधी भराभर वाचता आल्या नव्हत्या. दुसरीत असताना धाकटी भावंडं सांभाळायला म्हणून घरी बसवलं, ती बसलीच. सगळ्यांना न्हाऊमाखू घालून मोठं केलं, लग्नं लावली. ती सगळी आपापल्या गावांत पांगली, त्यांतली काही वरही गेली, आणि हिचं नाव तेवढं 'थोरली' राहिलं, धाकटं कोणी उरलं नाही तरी. मुलाला घरात मास्तर म्हणायचे, कारण बोलायला लागल्यापासून तो कोणाला ना कोणाला शिकवतच असे. उशांना ओळीत बसवून पाढे म्हणायला लावी. एकदा तिलाही धरून बसवलं होतं त्याने, सात-आठ वर्षांचा असेल. "आई, हा शब्द वाच." तिने हातातली पळी दाखवून म्हटलं होतं, "आईला शिकवायला निघालास? आधी नाक पूस." तो हसला होता आणि नाक पुसून परत आला होता, पुस्तक घेऊनच. तिने तरी वाचलं नव्हतं. पुढेही कधी नाही. तो मोठा झाला, दुसऱ्यांना शिकवायला लागला, त्याच्या हाताखाली माणसं तयार झाली, आणि थोरली दुकानाच्या पाटीसमोर उभी राहून अक्षर अक्षर जुळवत राहिली, कोणी बघत नाही ना याची खात्री करून.

संध्याकाळी सून आली. ती त्याच्याच खात्यात होती, प्रशिक्षण कक्षात. हे पोर्टल चालवायचं, धडे चढवायचे, उतरवायचे, परीक्षा लावायच्या, असं काम. दोघांची ओळखही तिथलीच. तिने बूट काढले, पिशवी खुंटीला लावली, आणि थोरलीने तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

"तुझ्याकडे त्याचा आवाज आहे."

सून तशीच उभी राहिली, एका हातात पेला.

"दवाखान्यात भेटला मला. एका बाईच्या मांडीवर. परक्या बायका त्याला मांडीवर घेऊन बसतात, आणि घरात आई आहे, तिला पत्ता नाही."

"मला ऐकवत नाही, आई," सून म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं."

"तुला ऐकवत नाही म्हणून मी बहिरी व्हायचं का?"

सून पेला घेऊन आत गेली. ही तिची जुनी खोड. भांडायला समोर माणूस हवा तर ही पडद्यासारखी बाजूला सरकायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जाताना तिने आपला जुना फोन टेबलावर ठेवला, कुठे दाबायचं ते दाखवलं, आणि म्हणाली, "हा तिसरा. दरपत्रकांचा. यात तुम्ही आहात."

तिसऱ्या धड्यात ती खरोखर होती. दुपारी भांडी आवरून, हात कोरडे करून, केस नीट करून ती टेबलाशी बसली आणि मास्तर घसा खाकरून म्हणाला, "माझी आई मिक्सर घ्यायला निघाली की तीन दुकानं पालथी घालते. तिन्हीकडे भाव कागदावर लिहून घेते, लिहिणारा दुकानदारच असतो बरं का, आणि मग घरी येऊन ठरवते. सरकार आपल्याला एवढंच सांगतंय. तीन ठिकाणचे भाव लेखी घ्या. त्यालाच आपण दरपत्रकं म्हणतो. पण आई सुई-दोरा आणायला तीन दुकानं फिरते का? नाही. कोपऱ्यावरून घेते. तसंच छोट्या खरेदीचं. ही पहा मर्यादा. या रकमेच्या आत असाल तर एका दुकानातून सरळ घ्या. घाबरू नका." पडद्यावर तक्ता होता, आकडे होते, ते तिने पाहिलेही नाहीत. तो दिसत नव्हताच. धड्यात नुसता आवाज. पण आवाजात सगळं होतं. वाक्य संपवताना तो श्वास सोडायचा तो, पानाची सळसळ, खुर्चीची करकर आणि मागे कुठेतरी पाण्याची धार. थोरलीने धडा मागे नेला, पुन्हा ऐकला. धारच होती. तिला आठवलं, त्याने खिडक्या लावून घेतल्या होत्या, दाराला घोंगडी टांगली होती, आणि आतून ओरडला होता, "आई, नळ बंद कर ना, रेकॉर्डिंग चाललंय!" आणि तिने उत्तर दिलं होतं, "तुझ्या सरकारला सांग, पाणी याच वेळेला येतं." नळ तिने बंद केला नव्हता. बादली भरेपर्यंत त्याने सरळ धडा चालू ठेवला होता. आता खुर्च्या आणि दरपत्रकांच्या मागे तिची बादली भरत होती, आणि कुठल्या कुठल्या गावांतली माणसं ती भरताना ऐकत होती.

मग ती रोज बसायला लागली. आधी तो धडा, मग बाकीचे. दुकानदारांच्या भावांची बंद पाकिटं कशी उघडायची, कोणासमोर उघडायची, एकच पाकीट आलं तर काय, माल कमी आला तर कोणाला लिहायचं. तिला त्यातलं निम्मं कळत नव्हतं आणि जे कळे ते तिच्या भाषेत कळे. "म्हणजे भाजीवाल्याने वजनात मारलं तर तिथल्या तिथे बोलायचं, घरी आल्यावर नाही," ती फोनला सांगायची. फोन पुढे जायचा. शेवटी तिसऱ्या धड्यावर ती परत यायची, जसं माणूस गावभर हिंडून घरी येतं. सून म्हणाली, आई, तुम्ही माझ्या नावाने बघता, आणि पोर्टलला वाटतं मीच बघतेय. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, बाई, दरपत्रकांचं एवढं काय अवघड जातंय तुम्हाला? हे सांगताना ती हसली, कित्येक महिन्यांनी. थोरलीही हसली. मग दोघी एकदम गप्प झाल्या, जसं काही चोरताना पकडल्या गेल्या.

रात्रीचं जेवण लवकर आटोपून सून धड्याखालच्या शंका वाचून दाखवायची. कोणी लिहिलेलं असायचं, सर, दुकानदार लेखी भाव द्यायला तयार नाही, काय करू. कोणी लिहिलेलं, सर, आईचं उदाहरण घरी बायकोला ऐकवलं. कोणी नुसतंच, धन्यवाद सर. सगळं वर्तमानकाळात. उत्तरं सून द्यायची, तिच्या स्वतःच्या नावाने, प्रशिक्षण कक्ष म्हणून. पण विचारणारे सरांनाच विचारत. थोरलीच्या मनात हळूहळू असं बसत गेलं की मास्तर कुठेतरी लांब बदली होऊन गेला आहे. अशा ठिकाणी, जिथून येणं होत नाही पण काम चालू आहे. सकाळी ती सुनेला डबा देत असे तेव्हा दुसरा डबा भरायचा राहिला असं उगाच वाटून हात फडताळाकडे जाई. हे तिने कोणाला सांगितलं नाही. वेड लागलं म्हणाले असते, आणि वेड लागलेल्या माणसांना काय म्हणायचं ते ती स्वतःच आयुष्यभर म्हणत आली होती.

एका संध्याकाळी सून आल्याबरोबर खुर्चीत बसली. बूट तसेच.

"नियम बदललाय, आई. छोट्या खरेदीची मर्यादा कमी केली. आता पूर्वीपेक्षा खूप लहान वस्तूंनाही तीन दरपत्रकं लागणार."

"बरं मग?"

"मग तिसरा धडा उतरवावा लागेल. त्यात जुनी मर्यादा आहे."

थोरली भाजी निवडत होती. तिने देठ मोडला, मग आणखी एक मोडला. "उतरव म्हणजे? वाळत घातलेले कपडे उतरवतात."

"आई, नियमच तसा आहे. आदेश आला की त्याच दिवशी जुना धडा काढायचा. मी कॉपी करून ठेवीन ना तुमच्यासाठी. या फोनमध्ये राहील तो."

"फोनमध्ये ठेवून काय करू? फोटो आहे की भिंतीवर. बघते मी त्याच्याकडे, तो बघतो माझ्याकडे, झालं." देठांचा ढीग तिने एका बाजूला सारला. "तिथे तो कामावर आहे. माणसं त्याला विचारतात, त्याचं ऐकतात. तू त्याला घरी बसवायला निघालीस. एकदा त्याला तू एकटीच दवाखान्यात घेऊन गेलीस आणि एकटीच परत आलीस. आता इथूनही आण पिशवीत घालून."

हे बोलायला नको होतं. सुनेच्या चेहऱ्यावरून रंग उतरला तो थोरलीने पाहिला, डोळे आता बरे होते, सगळं स्पष्ट दिसत होतं. पण तोंडातून गेलेलं माघारी घ्यायची तिला सवय नव्हती. आयुष्यात कोणी शिकवलीच नव्हती. सून उठून आत गेली. रात्री उशिरापर्यंत नाही, पण बराच वेळ आत टकटक चालू होतं, आणि मग बाहेर येऊन ती म्हणाली, "मी वर एक पट्टी टाकलीय. मर्यादा बदलली आहे, नवीन आदेश पाहा, अशी. तूर्त राहू दे. नवीन धडा झाला की मग बघू."

"चांगलं केलंस," थोरली म्हणाली, आणि तिला दूध गरम करून दिलं. माफी मागायची तिची तेवढीच रीत होती.

पट्टी लाल होती म्हणे. थोरलीने ती कधी वाचली नाही. तिला ती वाचायची गरज नव्हती, तिला ऐकायचं होतं. दुपारी पाण्याची धार तशीच पडत होती, मास्तर तसाच सांगत होता, घाबरू नका, एका दुकानातून सरळ घ्या. असे दिवस गेले. ऊन तापलं, जिन्यातल्या भिंतींचा रंग पोपडे धरून सुटू लागला, लिफ्ट बंद पडून परत चालू झाली. नवीन धडा काही झाला नाही. सून रोज म्हणायची, उद्या रेकॉर्ड करते, आणि थोरली विचारायची नाही. दोघींच्या मध्ये ते एक न बोललेलं भांडं ठेवलेलं होतं, वर झाकण घालून, आणि दोघी त्याच्या बाजूने अंग चोरून ये-जा करत होत्या.

झाकण उडालं ते असं. सून दुपारीच घरी आली. थोरलीचा धडा चालू होता. सुनेने पुढे होऊन फोन उलटा ठेवला आणि आवाज बंद केला.

"एका बाईला नोटीस आलीय," ती म्हणाली. "तपासणीवाल्यांनी पकडलं. चादरी घेतल्या तिने, एका दुकानातून, दरपत्रकं न मागवता. जुन्या मर्यादेप्रमाणे. तिने लिहून दिलंय की मी पोर्टलवरचा धडा ऐकून केलं."

"पट्टी होती ना तुझी?"

"ती म्हणते, मी काम करता करता ऐकते. वाचत नाही."

"कुठली बाई?"

"एका सरकारी दवाखान्याच्या भांडारातली."

थोरलीच्या मनगटाला एकदम काहीतरी लागलं, गरम, खडबडीत. भांडारं पुष्कळ असतील. दवाखाने पुष्कळ असतील. चादरी सगळेच घेतात. साबणाचा वास येतो का तिच्या हाताला, असं विचारावंसं वाटलं, आणि तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर सुनेला काय माहीत असणार होतं. पण न विचारण्याचं कारण ते नव्हतं.

सून सांगत होती. बढती होती त्या बाईची, यादीत नाव होतं, ते आता अडकलं. चौकशी होईल. आमच्या कक्षाला अहवाल मागितलाय. दोन रस्ते आहेत. एक, पट्टी लावलेली होती, वाचायची जबाबदारी तिची, चूक तिची. साहेब म्हणतात असंच लिहा, गेलेल्या माणसाचं नाव कशाला कागदावर आणता. दुसरा, धडा चुकीचा होता, त्याच दिवशी काढायला हवा होता, आम्ही काढला नाही. मग ती सुटते. मग माझ्यावर येईल. "आणि त्याच्यावर," सून म्हणाली. "धडा क्रमांक तीन, शिकवणाऱ्याचं नाव, आणि पुढे लिहिलेलं, चुकीची माहिती."

"त्याने चुकीचं शिकवलं नव्हतं!" थोरली ओरडली. "शिकवलं तेव्हा बरोबर होतं!"

"फाइलला 'तेव्हा' कळत नाही, आई."

सून आत गेली, दार लोटून घेतलं. थोरली टेबलाशी बसून राहिली. साहेब काही वाईट बोलत नव्हता. गेलेल्याचं नाव चांगलं राहावं असं कोणाला वाटत नाही? त्या बाईने डोळे उघडे ठेवून काम करायला हवं होतं. सरकारी पगार खातात आणि वाचायचा कंटाळा. असं ती मनात जुळवत गेली, एकावर एक, आणि रचलेलं सगळं प्रत्येक वेळी त्या एकाच जागेवर येऊन ढासळत होतं: वाचत नाही, ऐकते. वाचता येत असून जी बाई त्याचं ऐकत होती, ती का ऐकत होती? तो घाबरू नका म्हणायचा म्हणून. बाकी कोणी म्हणत नव्हतं.

तिने फोन सरळ केला. बोट टेकवलं. फोनमधून घसा खाकरल्याचा आवाज आला. पण आज ती पहिल्यांदा त्याचा श्वास ऐकत नव्हती, खुर्ची ऐकत नव्हती, नळ ऐकत नव्हती. तो काय सांगतोय ते ऐकत होती, जणू स्वतःच त्या भांडारात बसून, समोर चादरींची मागणी घेऊन. मास्तर गोड आवाजात, अगदी मनापासून, तिला खड्ड्यात जा म्हणून सांगत होता. या रकमेच्या आत असाल तर एका दुकानातून सरळ घ्या. घाबरू नका.

"नको सांगूस," थोरली म्हणाली.

आई सुई-दोरा आणायला तीन दुकानं फिरते का? नाही.

"मास्तर, पुरे. बदललंय ते. कळतंय का? बदललंय!"

कोपऱ्यावरून घेते.

"गप्प बस म्हणते ना!" आणि तिने टेबलावर हात आपटला, असा की पेला उडाला आणि पाणी काठावरून खाली ओघळलं. जन्मात कधी तिने असा आवाज चढवला आणि तो गप्प झाला नाही, असं झालं नव्हतं. लहानपणी ओठ घट्ट मिटून घ्यायचा. मोठेपणी दोन्ही हात वर करायचा, 'बरं बाई, तू म्हणशील ते', आणि खरंच बदलायचा, रुसून का होईना बदलायचा. आता तो थांबला नाही. त्याच ठिकाणी श्वास सोडला, त्याच ठिकाणी पान उलटलं, आणि पुढे बोलत राहिला, शांत, प्रसन्न, चूक. कितीही ओरडलं तरी. उद्याही. थोरलीच्या छातीतून एक आवाज निघाला तो तिला स्वतःला ओळखू आला नाही. सून दार उघडून धावत आली तेव्हा थोरली टेबलावर कपाळ टेकून रडत होती, ओबडधोबड, सवय नसलेल्या माणसासारखी, आणि फोनमध्ये बादली भरत होती.

सुनेने फोन बंद केला नाही. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि धडा संपेपर्यंत दोघी तशाच राहिल्या. तो गेल्यापासून सुनेने त्याचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता.

"दुसरं लिही," थोरली नंतर म्हणाली. नाक पुसलं, आवाज घोगरा होता. "त्याचं नाव लिही, चूक लिही. पण शिकवलं तेव्हा बरोबर होतं, हेही लिही. कळो न कळो तुझ्या फाइलला. आणि न काढायला मी लावलं, ते पण लिही."

"ते नाही लिहिता येत, आई. तुम्ही खात्यात नाही."

"मग कसली आली खात्याची अक्कल," थोरली म्हणाली, आणि पाणी पुसायला फडकं घेतलं.

सुनेला कडक शब्दांत समज मिळाली, वरची एक जागा हुकली. भांडारातल्या बाईवरची नोटीस मागे घेतली, एवढं कळलं. बढतीचं अजून ठरलं नव्हतं. तिसरा धडा काढला. नवा धडा सुनेने केला, घरीच, खिडक्या लावून, दाराला तीच घोंगडी टांगून. थोरलीने नळ बंद ठेवला होता आणि स्वयंपाकघरात हातांची घडी घालून बसली होती, शिंकही येऊ देत नव्हती. आतून सुनेचा आवाज येत होता, बारीक, अडखळणारा, नियम वाचल्यासारखा. झोप येईल लोकांना, थोरलीला वाटलं. मध्येच ती थांबली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. थोरलीने जाऊन दार उघडलं आणि म्हणाली, "माझंच उदाहरण दे. मिक्सरचं. मेले नाही मी अजून. फक्त सुई-दोऱ्याचं सांगू नकोस." सुनेने मान हलवली. दार परत लागलं.

जुना धडा त्या जुन्या फोनमध्ये राहिला. थोरलीने तो परत लावला नाही. लावावासा वाटे तेव्हा ती उठून काहीतरी घासायला घेई. घरातली भांडी इतकी चकचकीत कधीच नव्हती. दुपार मोठी झाली होती, रिकामी, खोली बदलताना सामान काढून नेल्यावर दिसते तशी, भिंतीवर जिथे काही टेकलेलं होतं तिथे फिकट डाग.

काही दिवसांनी संध्याकाळी सून टेबलाशी फोन घेऊन बसली होती आणि नुसतीच बघत होती. वाचत नव्हती, लिहीत नव्हती.

"काय गं?"

"नव्या धड्याखाली विचारतात, आई. एक-दोघं नाही, बरेच जण." तिने वाचलं. सरांचा धडा कुठे गेला? सरांची बदली झाली का? नवीन बाई बऱ्या आहेत, पण सर बरे आहेत ना? "रोज येतंय. मी काही उत्तर दिलं नाहीये. काय लिहू?"

थोरली उभीच राहिली. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत कोणीतरी दिवा लावला, दुसऱ्या कोणी घालवला. कामात असतो, असं एक वाक्य तिच्या तोंडात तयारच होतं, गुळगुळीत, वापरून वापरून झिजलेलं. ते जिभेवर तसंच राहिलं. मग तिने खुर्ची ओढली आणि सुनेच्या शेजारी बसली, पडद्याकडे तोंड करून, जसं समोर माणसं बसलेली आहेत आणि त्यांच्याशी नीट बसूनच बोललं पाहिजे.

"लिही," ती म्हणाली. "सर वारले."

सुनेची बोटं थांबली.

"लिही. मागच्या थंडीत वारले. त्यांची आई कळवते आहे."

टकटक झालं, हळू. थोरली प्रत्येक अक्षर उमटताना बघत होती. मनातल्या मनात जुळवत होती, ओठ हलत होते.

"आणखी काही, आई?"



"कळवायला उशीर झाला म्हणावं," ती म्हणाली. "माफी असावी."